वीजवाहिनीचे गणित आणि शेवटचा खांब

विजेचा प्रश्न निघाला की आपल्याकडील चर्चा बहुधा दोनच ठिकाणी येऊन थांबते. वीज पुरेशी निर्माण होते की नाही, हा एक मुद्दा. आणि तिचे बिल कोण भरतो, हा दुसरा. या दोहोंच्या मध्ये शेकडो किलोमीटर तार पसरलेली आहे. त्या तारेतून वीज किती, कशी आणि कोणाकडे वाहते याचे स्वतंत्र शास्त्र आहे. विधिमंडळातील भाषणांत काय किंवा पारावरच्या गप्पांत काय, त्याचा उल्लेख क्वचितच होतो. ज्याला अभियंते भारप्रवाहाचे गणित म्हणतात आणि ज्याच्या पुढच्या पायरीला इष्टतम भारप्रवाह असे भारदस्त नाव आहे, तो विषय अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या भिंतीआडच राहावा असा जणू संकेतच आहे. तो संकेत मोडणे आवश्यक झाले आहे. कारण या गणितात कोणत्या गोष्टीला किती महत्त्व द्यावयाचे हे ठरविणे हा अभियांत्रिकीचा प्रश्न नाही. तो अर्थशास्त्राचा आणि त्याहूनही अधिक न्यायाचा प्रश्न आहे.

उदाहरणासाठी फार दूर जावे लागत नाही. बालाघाटाच्या रांगेतून निघालेली सिंदफणा ज्या भागातून वाहत जाते तो बीड जिल्ह्यातील शिरूर कासार तालुका घ्या. पाऊस बेभरवशाचा, जमीन बहुतांश कोरडवाहू, आणि बागाईत जे काही आहे ते विहिरींवर नि विंधन विहिरींवर. दसरा-दिवाळी झाली की हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. विजेच्या दृष्टीने याचा अर्थ असा की ज्या महिन्यांत गावठाणातील निम्मी घरे कुलूपबंद असतात, नेमक्या त्याच महिन्यांत रब्बीच्या ज्वारी-हरभऱ्यासाठी शिवारातील पंपांचा भार शिगेला पोचतो. मुंबईच्या वाहिनीवरचा भार आणि शिरूरच्या वाहिनीवरचा भार यांचे वर्षाचे वेळापत्रक एकमेकांशी जुळत नाही. नियोजनात मात्र दोहोंना एकच सरासरी लावली जाते.

बीड जिल्ह्यात एक जुनी तक्रार ऐकू येते. परळीला औष्णिक वीजकेंद्र आमच्या जिल्ह्यात, राख आमच्या अंगावर, आणि वीज मात्र मुंबई-पुण्याला. दिव्याखाली अंधार तो हाच. ही तक्रार समजण्यासारखी आहे, परंतु ती चुकीच्या पत्त्यावर केलेली आहे. किर्चहॉफ या जर्मन शास्त्रज्ञाने १८४५ मध्ये मांडलेले नियम जिल्ह्याची हद्द ओळखत नाहीत. परळीत निर्माण झालेली वीज अतिउच्च दाबाच्या जाळ्यात मिसळते आणि मग ती परळीची उरत नाही. २०१३ च्या दुष्काळात पाण्याअभावी परळीचे केंद्र बंद पडले तेव्हा काही केवळ बीड जिल्हाच अंधारात गेला नाही. शिवाय कोळसा दुरून आणावा लागत असल्याने परळीची वीज महाग पडते. स्वस्त संच आधी आणि महाग संच नंतर, या क्रमाने कोणी किती वीज द्यावयाची हे ऐरोलीच्या राज्य भारप्रेषण केंद्रातून ठरते. त्या क्रमात परळीचे संच मागे पडून बंद ठेवण्याचे प्रसंग अनेकदा आले आहेत. शिरूरच्या शेतकऱ्याचा पंप परळीच्या धुरांड्यावर अवलंबून नसतो. तो अवलंबून असतो आपल्या ३३ केव्हीच्या उपकेंद्रावर, तेथून निघणाऱ्या ११ केव्हीच्या वाहिनीवर, आणि शेवटच्या रोहित्रापासून विहिरीपर्यंत आलेल्या तारेवर. खरे नुकसान याच टप्प्यात होते.

ते कसे होते हे समजण्यास शालेय पदार्थविज्ञान पुरेसे आहे. तारेतून प्रवाह वाहताना काही ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते, आणि हे वाया जाणे प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट झाला तर हानी दुप्पट होत नाही, चौपट होते. (गावाच्या नावात कासार असल्यामुळे धातूंची पारख येथे कोणाला शिकवावयास नको, तथापि खांबांवरून धावणारी तार तांब्याची नसते, ती पोलादाच्या गाभ्याभोवती गुंडाळलेल्या ॲल्युमिनियमची असते. तांबे परवडत नाही, आणि परवडले तरी खांबावर टिकणार नाही, हे सांगणे न लगे.) समजा, एक वाहिनी दहा किलोमीटर लांब आहे, तिच्या प्रत्येक तारेचा रोध किलोमीटरला एक ओहम आहे आणि तिच्या टोकाला एक हजार किलोवॉटचा पंपभार आहे. पंपांचा शक्तिगुणक ०.८ असेल, तर ११ हजार व्होल्ट दाबाला तारेतून सुमारे ६६ अँपिअर प्रवाह जातो आणि वाटेत सुमारे १३० किलोवॉट जळून जातात. तोच शक्तिगुणक कपॅसिटर बसवून ०.९५ वर नेला, तर हानी सुमारे ९२ किलोवॉटवर येते. एका साध्या डब्याने, एकही नवा खांब न उभारता, जवळजवळ तीस टक्के बचत. आणखी एक हिशेब करू. हजार किलोवॉट चार तास चालविण्याऐवजी पाचशे किलोवॉट आठ तास चालविले, तर शेताला मिळणारी ऊर्जा तेवढीच राहते, पण वाटेतील नासाडी ५२० युनिटांवरून २६० युनिटांवर येते.

हा हिशेब मी मुद्दाम सोपा केला आहे. त्यात टोकाचा दाब पूर्ण मिळतो असे धरले आहे. वस्तुतः प्रवाह वाढला की दाब घसरतो. दाब घसरला की तेवढेच काम करण्यासाठी पंप आणखी प्रवाह ओढतो. त्यामुळे दाब आणखी घसरतो. कारण परिणामाला जन्म देते आणि परिणाम पुन्हा कारणाला. ही वर्तुळे उलगडून प्रत्येक खांबावर दाब नेमका किती राहील हे काढणे म्हणजे भारप्रवाहाचे गणित. १९५६ मध्ये वॉर्ड आणि हेल यांनी ते संगणकावर सोडविण्याची रीत दाखविली, १९६७ मध्ये टिनी आणि हार्ट यांनी न्यूटनच्या पद्धतीने ती वेगवान केली. दरम्यान १९६२ मध्ये फ्रान्सच्या राष्ट्रीय वीज कंपनीतील कार्पांतिए यांनी एक पाऊल पुढे टाकले. वीज कशी वाहील एवढेच विचारून न थांबता, सर्व मर्यादा पाळून ती सर्वांत कमी खर्चात कशी वाहविता येईल, असा प्रश्न त्यांनी मांडला. इष्टतम भारप्रवाहाचा जन्म तेथे झाला.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला ही भाषा परकी वाटू नये. मर्यादित साधने, अनेक पर्याय, आणि त्यांतून उत्तम पर्यायाची निवड, ही आमच्या शास्त्राची व्याख्याच आहे. लेनिनग्राडच्या कांतोरोविच यांनी १९३९ मध्ये प्लायवूडच्या कारखान्याचे गणित सोडविताना रेषीय आयोजनाचा पाया घातला, आणि १९७५ मध्ये त्यांना कूपमन्स यांच्यासमवेत अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यानंतरच्या इतिहासात एक मराठी नाव अभिमानाने घ्यावे लागते. ग्वाल्हेरच्या मराठी कुटुंबात जन्मलेले आणि मुंबईच्या आयआयटीतून १९७८ मध्ये पदवी घेतलेले नरेंद्र करमरकर यांनी १९८४ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत असताना या प्रकारची प्रचंड गणिते सोडविण्याची नवी रीत शोधून काढली. तिच्यापासून वाढलेल्या अंतर्बिंदू पद्धती पुढे वीजजाळ्यांच्या गणितातही वापरात आल्या. आपल्या मुलांना करमरकरांचे नाव स्पर्धा परीक्षेपुरते तरी माहीत असते. त्यांच्या शोधाचा आपल्या डीपीशी संबंध आहे, हे मात्र त्यांना कोणी सांगत नाही.

ग्रामीण वाहिनीची आणखी एक विशेषता ध्यानात घेतली पाहिजे. अतिउच्च दाबाचे जाळे कोळ्याच्या जाळ्यासारखे असते. एक मार्ग तुटला तर दुसरा मिळतो. ग्रामीण वाहिनी झाडासारखी असते. उपकेंद्र हे खोड, फाट्यावर फाटे, आणि शेवटच्या डहाळीवर एक रोहित्र. बारीक तारेमुळे तिचा रोधही जास्त असतो, म्हणून मोठ्या जाळ्यांसाठी शोधलेल्या रीती येथे अडखळतात. बरन आणि वू यांनी १९८९ मध्ये अशा झाडांसाठी निराळी समीकरणे लिहिली. आपल्याकडे दास, नागी आणि कोठारी यांनी १९९४ मध्ये अशा वाहिन्यांसाठी सुटसुटीत रीत प्रसिद्ध केली. गेल्या पंधरा-वीस वर्षांत तर असे सिद्ध झाले आहे की काही अटी पाळल्या गेल्यास झाडासारख्या रचनेचे अवघड गणित सोप्या, बहिर्वक्र गणितात रूपांतरित करता येते आणि मिळणारे उत्तर अंदाजाचे नसून नेमके असते. एखाद्या परिसरात वीस स्विच असतील आणि प्रत्येक चालू किंवा बंद ठेवता येत असेल, तर १० लाख ४८ हजार ५७६ रचना संभवतात. वायरमनने अनुभवाने त्यांतील एक निवडलेली असते, आणि वर्षानुवर्षे तीच चालते. संगणक त्या सर्वांची छाननी करून उत्तम रचना सुचवू शकतो. तात्पर्य, गणित तयार आहे आणि ते सोडविणारी यंत्रे आता महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतही आहेत.

मग अडते कोठे?

अडते पहिल्याच ओळीत. कोणत्याही इष्टतमीकरणाच्या आरंभी एक उद्दिष्ट लिहावे लागते: काय कमीत कमी करावयाचे? एकूण हानी, असे उत्तर दिले की ते निर्विवाद आणि वैज्ञानिक वाटते. परंतु हे उद्दिष्ट यंत्राला देऊन पाहा. वाहिनीवर सर्वाधिक हानी कोणामुळे होते? उपकेंद्राजवळच्या ग्राहकामुळे नव्हे. सर्वांत दूरच्या ग्राहकामुळे. त्याला दिलेले प्रत्येक युनिट सर्वांत लांबचा प्रवास करून येते. मग वीज तुटपुंजी असताना कोणाला तोडावे, असे या यंत्राला विचारले तर ते निर्विकारपणे सांगेल, शेवटच्या खांबावरच्या शेतकऱ्याला. गणित चुकलेले नसते. आपण त्याला प्रश्नच तसा विचारलेला असतो. कालव्याच्या टोकाला पाणी पोचत नाही याचे दुःख ज्यांना ठाऊक आहे त्यांना तारेच्या टोकाचे दुःख वेगळे समजावून सांगावयास नको.

ही केवळ कल्पना नाही. २००५ ते २०१२ या टंचाईच्या वर्षांत महावितरणने वाहिन्यांचे ए, बी, सी असे गट पाडले. वितरणहानी आणि थकबाकी जितकी अधिक, तितका गट खालचा, आणि गट जितका खालचा, तितके भारनियमनाचे तास अधिक. मराठवाड्यातील अनेक वाहिन्या तळाच्या गटांत होत्या. या योजनेच्या समर्थनार्थ सांगितले जाते की चोरी करणाऱ्यांना जरब बसावी आणि भरणाऱ्यांना प्रोत्साहन मिळावे. त्यात काही तथ्य आहे, आणि थकबाकी कमी असलेल्या गावांनी त्याचा लाभही घेतला. पण शिक्षेचे एकक माणूस नव्हते, वाहिनी होती. शिरूरसारख्या गावात दरमहा नियमाने बिल भरणारा शिक्षक आणि शेजारी तारेवर आकडा टाकणारा गृहस्थ, दोघांच्या घरी अंधार सारखाच. त्यातही लांब वाहिनीची तांत्रिक हानी ही चोरीइतकीच त्या टक्केवारीत मोजली जात होती. म्हणजे लांब राहणे हाही जवळपास गुन्हाच ठरला. २०२२ च्या उन्हाळ्यात टंचाई आली तेव्हाही हेच सूत्र पुन्हा पुढे आले. सामूहिक दंडाची पद्धत इंग्रजांच्या राज्यातही होती, आणि तेव्हा आपण तिला अन्याय म्हणत होतो.

उपाय उद्दिष्टात नव्हे, मर्यादांत आहे. गणिताच्या भाषेत मर्यादा म्हणजे न मोडता येणारी अट. विद्युत नियमांनुसार कमी दाबाच्या ग्राहकाला मिळणारा दाब ठरलेल्या दाबाच्या सहा टक्क्यांच्या आत-बाहेर असला पाहिजे. तीन फेजच्या ४१५ व्होल्टच्या जोडणीत तो ३९० च्या खाली जाता कामा नये. ही अट कागदावर आहे. ती नियोजनाच्या गणितात शेवटच्या खांबासाठी लिहिली जाते का, हाच खरा प्रश्न आहे. हानी कमीत कमी करा, पण शेवटच्या पंपाला ३९० व्होल्ट मिळालेच पाहिजेत आणि पुरवठ्याचे तास सर्व फाट्यांना सारखे असले पाहिजेत, असे गणित मांडले की उत्तर बदलते. हानी थोडी वाढते. ती वाढ म्हणजे समन्यायाची किंमत होय, आणि ती किती आहे हेही तेच गणित रुपयांत सांगते. ती द्यावयाची की नाही, हे मात्र संगणकाने ठरवावयाचे नसते.

येथे शेतकऱ्यांच्या बाजूकडेही डोळेझाक करून चालणार नाही. पाच अश्वशक्तीचा एक पंप साधारण सहा केव्हीए भार ओढतो. ६३ केव्हीएच्या रोहित्रावर असे दहा पंप चालू शकतात. प्रत्यक्षात त्यावर पंधरा अधिकृत जोडण्या आणि वर तीन-चार आकडे असतात. त्यात प्रत्येकाच्या पेटीत ऑटोस्विच. रात्री कितीही वाजता वीज आली की पंप आपोआप सुरू व्हावा ही इच्छा स्वाभाविक आहे. थंडीत, विंचू-सापाच्या भीतीत, बांधावर बसून विजेची वाट कोणी पाहावी? पण वीज येताच सगळे पंप एकाच क्षणी सुरू होतात, आणि सुरू होतानाचा प्रवाह नेहमीच्या पाच-सहा पट असतो. रोहित्र जळते. मग वर्गणी, ट्रॅक्टर, तालुक्याला खेटे. ग्रामीण भागात नादुरुस्त रोहित्र ४८ तासांत बदलून देण्याचे बंधन नियामक आयोगाच्या नियमांत आहे. ऐन रब्बीत ते किती पाळले जाते हे वाचक जाणतात.

अर्थशास्त्रात ज्याला कैद्यांचा पेच म्हणतात त्याचे याहून चांगले उदाहरण पाठ्यपुस्तकात नाही. सर्वांनी ऑटोस्विच काढले तर सर्वांचा लाभ. पण मी एकट्याने काढला तर माझ्या उसाचे पाणी शेजारी घेईल. कपॅसिटरचेही तेच. तो माझ्या पैशाने बसतो आणि दाब सुधारतो सगळ्यांचा, म्हणून कोणीच बसवीत नाही. हा पेच उपदेशाने सुटत नाही, कराराने सुटतो. २००५ च्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रातील गावांतून 'अक्षय प्रकाश' योजना राबविली गेली ती अशा कराराचेच उदाहरण होती. संध्याकाळच्या गर्दीच्या तासांत गावाने पंप न लावण्याचे एकत्रितपणे मान्य करावयाचे, आणि त्या बदल्यात घरांतील दिव्यांसाठी वीज अखंड मिळावयाची. पुढे गावठाणाच्या आणि शेतीच्या वाहिन्याच वेगळ्या करण्याचे काम हाती घेतले गेले. गुजरातने २००३ ते २००६ या काळात 'ज्योतिग्राम' योजनेखाली ते अधिक झपाट्याने केले होते. वाहिन्या वेगळ्या झाल्या हे चांगले झाले, पण त्यामुळे पंपवाल्यांचा आपसांतील पेच सुटला नाही. तो शिवारात सरकला, इतकेच. २०१८ मध्ये राज्याने उच्चदाब वितरण प्रणाली आणली, तीत एका रोहित्रावर एक किंवा दोनच शेतकरी. पेचच नष्ट करणारा हा उपाय तांत्रिकदृष्ट्या निर्दोष, पण दर जोडणीमागे महाग. एकमेकांशी करार करता येत नाही म्हणून प्रत्येकाला स्वतंत्र रोहित्र, हे म्हणजे भाऊबंदकी मिटत नाही म्हणून प्रत्येक भावाला वेगळी विहीर खोदून देण्यासारखे आहे. कधीकधी तेवढाच मार्ग उरतो, हेही खरे.

आता मोजमापाकडे वळू, कारण सर्वांत मोठी उणीव तेथे आहे. आपल्या वीज-हिशेबात दोन प्रकारचे आकडे आहेत, एक कागदावरचे आणि दुसरे तारेवरचे, आणि पहिल्यांच्या आडोशाला दुसरे सुखाने नांदतात. सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस कृषिपंपांना मीटरऐवजी अश्वशक्तीवर ठरावीक आकारणी सुरू झाली. ती सोयीची होती, पण तिच्यामुळे पंप किती वीज वापरतात हे कळण्याचा मार्ग बंद झाला. मग जी वीज कोठे गेली हे सांगता येईना ती शेतीच्या खात्यावर टाकण्याची सोय झाली. १९९९ मध्ये महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग स्थापन झाला आणि २००० मध्ये त्याच्यापुढे वीज मंडळाच्या दरप्रस्तावाची छाननी झाली. पुण्याच्या 'प्रयास'सारख्या संस्थांच्या अभ्यासकांनी तीत कसून भाग घेतला. वर्षानुवर्षे पंधरा ते अठरा टक्क्यांच्या आसपास सांगितली जाणारी पारेषण-वितरण हानी प्रत्यक्षात तीस टक्क्यांच्या वर असल्याचे तेव्हा उघड झाले. म्हणजे शेतकऱ्याने न वापरलेली वीज त्याच्या नावावर चढत होती आणि त्याच्या नावाने अनुदानाची चर्चा चालू होती. एवढ्या मोठ्या गोष्टीवर मराठवाड्यात जेवढी चर्चा व्हावयास हवी होती तेवढी झाली नाही, याचा खेद वाटतो.

मोजमापाचा हा दोष नवा नाही. १९९७ पर्यंत एखाद्या गावाच्या महसुली हद्दीत कोठेही, कोणत्याही कामासाठी वीज वापरली गेली की ते गाव विद्युतीकृत मानले जाई; २००४ मध्ये किमान दहा टक्के घरांत वीज असावी ही अट आली. प्रादेशिक असमतोलाचा अभ्यास करणाऱ्या प्रा. वि. म. दांडेकर समितीने १९८४ च्या अहवालात ज्या नऊ क्षेत्रांतील अनुशेष मोजला त्यांत ग्रामीण विद्युतीकरणही होते. एकूण ३,१८६.७८ कोटी रुपयांच्या अनुशेषात मराठवाड्याचा वाटा ७५०.८५ कोटी होता. दांडेकरांच्या कामाबद्दल नितांत आदर बाळगूनही असे म्हणावे लागते की जोडण्यांची गणना आणि वीजपुरवठ्याची गुणवत्ता या भिन्न गोष्टी आहेत. जोडणी आहे, पण दाब ३०० व्होल्ट. पंप आहे, पण तो गुणगुणतो, पाणी फेकत नाही आणि हंगामात दोनदा जळतो. हा अनुशेष कोणत्याच कोष्टकात नाही. ज्या दिवशी दाबाचा अनुशेष मोजला जाईल त्या दिवशी मराठवाड्याची मागणी अधिक नेमकी आणि अधिक अप्रिय होईल.

एप्रिल २०२४ पासून पाच वर्षांसाठी साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना राज्याने मोफत वीज दिली आहे. त्या निर्णयाच्या राजकारणात मी शिरत नाही. दुष्काळी भागातील शेतकऱ्याला आधार हवा याबद्दल दुमत नसावे. तथापि बिल शून्य झाले म्हणून विजेचे मूल्य शून्य होत नाही. इष्टतम भारप्रवाहाचे गणित सोडविले की उत्तराबरोबर आपोआप प्रत्येक खांबावरच्या विजेची छाया-किंमत बाहेर पडते: या ठिकाणी, या वेळी आणखी एक युनिट पोचविण्यास समाजाला किती खर्च येतो. कांतोरोविचना हाच आकडा सर्वांत मोलाचा वाटत होता. सायंकाळी सात वाजता वाहिनीच्या टोकाला तो फार मोठा असतो आणि दुपारी एक वाजता उपकेंद्राजवळ फार लहान. शेतकऱ्याला दोन्हींचे बिल शून्य. मग दुपारी पंप चालविण्याचे त्याला कारण काय? मोफत वीज ठेवूनही हे साधता येईल. ठरावीक युनिटांचा कोटा द्यावा, आणि त्यांतील जी युनिटे शेतकरी वाचवील त्यांचे पैसे रोख त्याच्या खात्यात जमा करावेत. पण त्यासाठी पुन्हा मीटर हवा, आणि मीटर म्हटले की उद्याच्या बिलाची शंका येते. ती शंका निराधार आहे असे सांगण्याचे धाडस मी करणार नाही. म्हणून निदान व्यक्तीच्या पंपावर नको, पण रोहित्रावर तरी मीटर असावा, एवढी मागणी शेतकरी संघटनांनी स्वतःहून करावी. २०२१ मध्ये केंद्राने सुरू केलेल्या सुधारित वितरण योजनेत वाहिन्या आणि रोहित्रे यांच्यावर मीटर बसविण्याची तरतूद आहेच.

या सर्व चित्रात अलीकडे एक नवी गोष्ट आली आहे, आणि ती मला आशादायक वाटते. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात, म्हणजे २०२३ पासून, उपकेंद्रांच्या जवळपास छोटे सौर प्रकल्प उभारून त्यांची वीज थेट शेतीच्या वाहिन्यांना देण्याचे धोरण आहे. वैजापूर तालुक्यातील धोंदलगाव येथे त्यांतील ३ मेगावॉटचा प्रकल्प २०२४ मध्ये सुरू झाला. जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे मिळते. ऊस तोडायला न जाता घरी राहू इच्छिणाऱ्या कुटुंबाला या रकमेचा मोह पडेल, पण त्यासाठी हेक्टरभर जमीन हवी, आणि तोडणीला जाणाऱ्यांपाशी बहुधा तीच नसते. वीज जवळ निर्माण होते आणि दिवसा मिळते, म्हणजे रात्रीचे पाणी देणे टळते. शिवाय वरिष्ठ जाळ्यातील हानी वाचते. परंतु उपकेंद्रापासून शेवटच्या खांबापर्यंतची दहा-पंधरा किलोमीटरची तार तीच राहते, आणि तीवरची हानीही तीच राहते. प्रकल्प उपकेंद्राशेजारी उभारण्याऐवजी वाहिनीच्या मध्यावर किंवा टोकाकडे उभारला तर हानी अधिक घटेल आणि टोकाचा दाबही सुधारेल. उलटपक्षी, पावसाळ्यात पंप बंद असताना हीच वीज टोकाकडून उलटी वाहू लागेल आणि दाब मर्यादेबाहेर चढेल. प्रकल्प नेमका कोठे, किती क्षमतेचा आणि कपॅसिटर कोणत्या खांबावर, हे ठरविणे म्हणजेच इष्टतमीकरण. आज मात्र ही जागा बहुधा जमीन कोठे उपलब्ध आहे यावरून ठरते. एकदा पंचवीस वर्षांचा करार झाला की पुढे गणित करून उपयोग नाही.

तेव्हा मागणी कोणती करावी? नवे उपकेंद्र मागणे सोपे असते, त्याचे भूमिपूजन करता येते. माझी सूचना त्या मानाने रुक्ष आहे. शिरूर कासार तालुक्यातील एक शेतीवाहिनी निवडावी. तिच्या उगमावर, मध्यावर आणि शेवटच्या रोहित्रावर दाब व प्रवाह नोंदविणारी यंत्रे बसवावीत. वाहिनीचा नकाशा, तारेची जाडी, रोहित्रांची क्षमता आणि त्यांवरील अधिकृत जोडण्या ही माहिती महावितरणने खुली करावी. ती गोपनीय ठेवण्याचे कारण दिसत नाही. बीड किंवा छत्रपती संभाजीनगरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांना ते गणित प्रकल्प म्हणून द्यावे, आणि आमच्या कला-वाणिज्य महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनी बांधावर जाऊन पंप केव्हा चालतात, किती जळतात आणि दुरुस्तीला किती खर्च येतो याची पाहणी करावी. दिवाळीनंतर कोयत्याच्या टोळ्या निघण्यापूर्वी आणि त्या परतल्यानंतर, अशा दोन्ही काळांतील नोंदी घ्याव्या लागतील, कारण गावठाणाचा भार या दोन काळांत सारखा नसतो. मिळालेले दाबाचे आकडे दर आठवड्याला ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहावेत: उपकेंद्रापाशी किती आणि शेवटच्या खांबावर किती. हे दोन आकडे शेजारीशेजारी लिहिलेले असले, तर पंप कोणत्या फाट्याने कोणत्या तासाला चालवावेत याचा करार ग्रामसभेत करता येईल, आणि तो कोण मोडतो तेही त्याच फळ्यावर दिसेल.